गंज, जखम आणि धनुर्वात

गेल्या श्रावणात चिखलीजवळच्या खेड्यातील ७२ वर्षांचे एक गृहस्थ तळहाताला फडके गुंडाळून दवाखान्यात आले. उभे आयुष्य त्यांनी जीप चालवली होती. त्या जुन्या जीपचे सुटे भाग गोठ्यात पोत्यात पडून होते. ते काढून गंज खरवडत असता पत्र्याची कड हातात खोल रुतली. सोबतचा मुलगा वैतागून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाबांना सांगा, हा उद्योग आता बंद करा." वडील खाली मान घालून बसले होते.

मी आधी वेगळाच प्रश्न विचारला : धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? दोघांनाही सांगता येईना.

गंजामुळे धनुर्वात होतो, ही समजूत अपुरी आहे. गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग. त्यात रोगजंतू नसतात. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात सुप्त बीजाणूंच्या रूपात राहतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही. तेथे ते वाढून विष तयार करतात. म्हणजे खरा धोका गोठ्याच्या मातीचा होता. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात. जबडा आखडणे हे पहिले चिन्ह.

आपल्याकडे विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांचे मूळ तीन डोस पूर्ण झालेले नसतात. खरचटले की एक इंजेक्शन, एवढ्यावर ते पूर्ण होत नाहीत. पहिल्या डोसनंतर चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा आणि पुढे दर दहा वर्षांनी एक, असा क्रम असतो. मळलेली, खोल जखम झाली आणि पूर्वीचे डोस अपुरे असतील, तर लशीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ते आम्ही दिले.

आता उद्योगाविषयी. तो बंद करू नये, पद्धत बदलावी. खरवडण्याऐवजी भिजवावे. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावरील माती व ग्रीस काढावे. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यास सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात भाग काही तास, गंज जाड असल्यास रात्रभर ठेवावा. मग ओला असतानाच ब्रशने घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवावा, लगेच कोरडा करून तेल लावावे. नाहीतर पुन्हा गंज धरतो. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नयेत. ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम मेकॅनिककडेच सोपवावे.

संडास धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र वापरू नये. त्याची वाफ डोळे व फुप्फुसांना इजा करते आणि ब्लीचिंग पावडरशी संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. डोळ्यात थेंब गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि मग डॉक्टरांकडे जावे. कोणतेही द्रावण पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. घरात नातवंडे असतात.

काळजी घेणाऱ्यांनी चष्मा, जाड हातमोजे आणि बंद बूट हाताशी ठेवावेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. टोचलेले कळत नाही. म्हणून कामानंतर तळपाय पाहावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त थांबण्यास वेळ लागतो. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. प्रत्येक जखम आधी वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद किंवा राख लावू नये.

दुसऱ्या डोससाठी ते आले, तेव्हा मुलगाच सांगू लागला, बादली आता तो भरून देतो. बाबा ताठ बसले होते. तिसरा डोस फाल्गुनात आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांचा कितवा बाकी आहे, हे आज विचारून ठेवा.