गेलेले दिवस मोजा

पुण्याच्या कडेला एका इमारतीच्या कामावर होतो, तेव्हाची गोष्ट. सातव्या मजल्याच्या स्लॅबची सळई बांधून झाली होती, सकाळी काँक्रीट पडायचं होतं. संध्याकाळी नवं ड्रॉइंग आलं. बाथरूमची जागा सरकली होती. फिटर पुन्हा वर चढले आणि हुकाने तारेची एकेक गाठ सोडवत बसले. उकलण्यात अर्धा दिवस, नव्याने बांधण्यात दोन, आणि तोवर काँक्रीटच्या गाड्या दुसऱ्या साइटला लागलेल्या. एका ड्रॉइंगपायी आठवडा गेला. सोमवारच्या बैठकीत मात्र तासभर बोलणं झालं ते गावी गेलेल्या मजुरांचं, उशिरा आलेल्या वाळूचं आणि बंद पडलेल्या पंपाचं.

खोळंब्याची कारणं लिहायला आमच्याकडे वही होती. तिच्यातलं सगळं खरंच होतं. पण पंप दोन तास बंद राहिला त्याला एक ओळ, ड्रॉइंग बदललं त्यालाही एकच ओळ. ओळी मोजल्या की मजुरांची गैरहजेरी पहिल्या नंबरावर यायची आणि मुकादमाला बोलणी बसायची. पावसाळ्यात काम मंदावलं तेव्हा सुपरवायझर आणि मी वही पहिल्या पानापासून काढली आणि प्रत्येक ओळीपुढे गेलेले दिवस लिहिले. यादीच उलटीपालटी झाली. उशिरा आलेली आणि मागाहून बदललेली ड्रॉइंगं सगळ्यांच्या वर गेली. मजूर कितीतरी खाली उतरले. इतके महिने त्या मुकादमाने विनाकारण ऐकून घेतलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

या रीतीला परेटो विश्लेषण म्हणतात. इटलीतली बहुतेक जमीन थोड्याच लोकांच्या हाती आहे, हे विल्फ्रेडो परेटो या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं. कारखान्यातल्या दोषांचंही तसंच असतं, बहुतेक नुकसान मोजक्या कारणांनी होतं, हे जोसेफ ज्युरान यांनी ओळखलं आणि त्याला परेटोचं नाव दिलं. ऐंशी टक्के नुकसान वीस टक्के कारणांनी, हा ऐंशी-वीसचा आकडा आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तो काही निसर्गनियम नव्हे, त्यात अडकून पडू नये. मोजायचं काय, ते आधी ठरवावं. ओळी मोजल्या तर एक उत्तर येतं, दिवस मोजले तर दुसरं.

दिवस मोजूनही एक गोष्ट पाहायची उरते. त्या दिवसांनी शेवटची तारीख हलली का? कोकण रेल्वेचं बांधकामच घ्या. तिच्या मार्गावर 92 बोगदे आहेत. सगळ्यांत लांब रत्नागिरीजवळचा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. नजर साहजिकच तिकडे जाते. पण मार्ग अडला तो गोव्यात, पेडण्याला, त्याच्या चौथाईएवढ्या बोगद्यापाशी. कठीण कातळातून वाट काढता आली. इथे माती मऊ आणि पाण्याने भरलेली. खणावं तशी ती ढासळायची, पाणी आत शिरायचं. त्या एका बोगद्याला सहा वर्षं लागली. इतर टप्पे एकेक करून सुरू झाले, पण सावंतवाडी ते पेडणे हा तुकडा राहिला होता, आणि सलग मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सुरू झाला. दुसरीकडे कुठे महिनाभर वाचवला असता, तरी ही तारीख एका दिवसाने अलीकडे आली नसती.

आमच्या वहीकडे परत येतो. ड्रॉइंगचं कारण इतके महिने दबून का राहिलं? मजूर, वाळू, पंप यांच्याबद्दल साइटवरचा कोणीही बोलू शकतो. ड्रॉइंगं वरच्या ऑफिसात अडतात, आणि वरच्या माणसाचं नाव बैठकीत कोण घेणार? माझ्या अनुभवात मोठी कारणं बहुतेकदा अशीच वर बसलेली असतात. वहीतले दिवस समोर ठेवले, तेव्हा कोणावर आरोप करावा लागला नाही. मालकांनी पान दोनदा वाचलं आणि ठरवलं, स्लॅबच्या पंधरा दिवस आधी ड्रॉइंग पक्कं, त्यानंतर बदल नाही. पुढच्या मजल्यांवर बांधलेली सळई सोडवायची वेळ आली नाही.

साइटवर नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या वहीत आजच एक रकाना वाढवा, 'गेलेले दिवस'. महिनाभर तो रोज संध्याकाळी भरा आणि मग सोमवारच्या बैठकीत ते पान सगळ्यांसमोर ठेवा.