मशीनवर २०० लिहिलंय, पिन १६ ची, आणि जळालं की भरपाई वेल्डरची!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांचा गाळा आहे, बांधकाम चालू आहे किंवा जे सोसायटीच्या कमिटीत आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या सांगली-मिरजेत एक अजब न्याय चालतो. गेटचं नाहीतर ग्रीलचं काम करायला पोरगा येतो, दाखवाल त्या बोर्डाला मशीन लावतो, तासाभरात सॉकेट वितळतं आणि त्याच्या मजुरीतून पैसे कापले जातात. मागच्या महिन्यात असंच एक सॉकेट बदलायला मला बोलावलं होतं. सोसायटीचं नाव लिहीत नाही. बोर्ड उघडला तर सॉकेट १६ अँपियरचं, आत वायर अडीचची, आणि मागे एमसीबी ३२ ची! विचारलं, ही कोणी टाकली? सेक्रेटरी म्हणाले, "आधीची सारखी ट्रिप व्हायची हो, म्हणून मोठी टाकून घेतली." आणि हेच साहेब त्या पोराचे पैसे अडवून बसलेले.

आता मला सांगा, यात वेल्डरचा गुन्हा काय?

एमसीबी ही वायर वाचवायला असते. १६ ची ट्रिप होत होती म्हणजे ती तिचं काम चोख करत होती, ओरडून सांगत होती की इथून जास्त करंट जातोय. तुम्ही ओरडणाऱ्याचंच तोंड बंद केलंत. ३२ ची एमसीबी २५-३० अँपियरला हूं की चूं करणार नाही, तो तिच्या हिशेबाने नेहमीचा लोड. पण १६ च्या पिनेला तो दुपटीच्या जवळ. आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबात वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. ब्रिटनच्या पिनेत फ्यूज तरी असतो, आपल्या थ्री पिनमध्ये तोही नाही. म्हणजे आधी प्लास्टिक मऊ होणार, मग पिन सैल पडणार, सैल पिनेत ठिणग्या उडणार, आणि एमसीबी शेजारी निवांत बसून बघणार.

आता मूळ गोम. मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेलं असतं. तो आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा. भिंतीतून किती ओढणार ते वेगळं, आणि ते खोक्यावर ठळक कुठेच नसतं. मशीनच्या मागच्या बारीक अक्षरांच्या पाटीवर असतं, तेही इंग्रजीत. आपण साधा हिशेब करू. आर्कचा ठरलेला व्होल्टेज म्हणजे २० अधिक करंटच्या ०.०४ पट. २०० ला झाले २८ व्होल्ट, म्हणजे ५.६ किलोवॅट रॉडवर. मशीनची एफिशियन्सी ८५ टक्के धरा, साध्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास धरा, तर २३० व्होल्टवर भिंतीतून चाळीसच्या आसपास अँपियर. चाळीस! आणि त्या मशीनच्या वायरला लावलेली असते गिझरची पिन.

लगेच कोणीतरी कमेंट करणार की आमचं तर वर्षानुवर्षं घरच्या पॉवर प्लगवर चालतंय. चालत असेल. १२ नंबरच्या, म्हणजे अडीच एमएमच्या रॉडने ८० वर काम केलंत तर भिंतीतून १३-१४ च ओढलं जातं, धकून जातं. १० नंबरच्या रॉडला १२० वर गेलात की २२ च्या घरात. ८ नंबरला १६० वर तीसच्या पुढे. रॉड बदलताना, पोपडा झाडताना मशीन थंड बसतं, त्या सवडीवर ती पिन जगते. ड्यूटी सायकल म्हणतात ती हीच. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. म्हणून पाटीवर दोन आकडे असतात, आय-वन-मॅक्स आणि आय-वन-इफेक्टिव्ह. वायर आणि पिन निदान दुसऱ्या आकड्याला तरी पुरली पाहिजे. वरच्या २०० च्या मशीनला ६० टक्क्यांवर तो येतो ३१-३२. म्हणजे ३२ ची इंडस्ट्रियल पिन, तांब्याची सहाची वायर आणि मग ३२ ची एमसीबी. तिन्ही एकत्र. नुसती एमसीबी मोठी करणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडणं.

ती निळी गोल इंडस्ट्रियल पिन दुकानात मिळते, १६, ३२, ६३ मध्ये. तीन फेजची लाल असते. मशीनच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे. मग मशीनसोबत का देत नाहीत? एका दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "ती पिन दिली तर गिऱ्हाईक विचारतं, घरात कुठे बसणार? मशीनच घेत नाही." म्हणजे खरं सांगितलं तर माल खपत नाही, म्हणून १६ ची लावून द्यायची, किंवा पिन न लावताच उघडी वायर हातात द्यायची. पुढे साइटवर त्या वायरी काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये अडकवल्या की आपणच म्हणायला मोकळे, हे लोक अडाणी!

गाळेमालक यापेक्षा वेगळे नाहीत. कुपवाडपासून माधवनगरपर्यंत भाड्याने दिलेल्या शेडमध्ये जा. मंजूर भार दोन-तीन किलोवॅट, आत दोन मशीनं. भाडेकरूने लोड वाढवून मागितला तर उत्तर ठरलेलं, "फिक्स चार्ज कोण भरणार?" मग तो बिचारा मीटरपासून चाळीस-पन्नास फूट अडीचची वायर ओढतो, उरलेली गुंडाळी खिळ्याला टांगतो. लांब वायरीत व्होल्टेज पडतो, पडलेल्या व्होल्टेजवर इन्व्हर्टर तेवढंच काम करायला उलट जास्त करंट ओढतो, आणि गुंडाळीतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. आग लागली की पंचनाम्यात लिहिणार 'शॉर्ट सर्किट'. आपल्याकडे सगळ्याचं कारण तेच!

अर्थिंगचं तर बोलायलाच नको. दोन कोरची वायर वापरली की तिसरी पिन नुसती शोभेला. लोखंडी खोक्याचं मशीन, घामाने भिजलेला माणूस, पायाखाली ओली फरशी. ३० मिलीअँपियरची आरसीसीबी तिथे असलीच पाहिजे, आणि नेमकी तीच "सारखी पडते" म्हणून काढून टाकलेली असते.

काही जण म्हणतील, तू वायरमन, तुला वेल्डरचा एवढा पुळका का? कारण जळालेला बोर्ड उघडतो मी. पोराच्या तळहातावर वितळलेल्या पिनेचा डाग मी बघितलाय, तुम्ही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सोसायटीने मीटर रूममध्ये एक ३२ चं इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र सहाच्या वायरीवर, आरसीसीबीसकट बसवावं आणि बाहेरच्या कामाला तेच द्यावं. सोसायटीचा मंजूर भार पुरत नसेल तर आधी तो वाढवून घ्यावा. गाळेमालकाने भाडेकरार करतानाच भार किती ते लिहावं, पुढच्या वाढीचे पैसे कोणी भरायचे तेही लिहावं. दुकानदाराने बिलावर मराठीत लिहावं, हे मशीन भिंतीतून इतके अँपियर घेतं. आणि तोवर वितळलेल्या सॉकेटचे पैसे ज्याने ३२ ची एमसीबी टाकून घेतली त्याच्याकडून घ्या, मजुरीतून नाही.

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी मागच्या पाटीचा फोटो कमेंटमध्ये टाका. पिन कुठली, वायर कितीची, एमसीबी कितीची, ते मी प्रत्येकाला लिहून देतो, पैसे नकोत. अडीचच्या वायरीवर ३२ ची टाकून घ्यायची असेल तर मात्र मला फोन करू नका.