प्रवासाची खूण

परदेशाहून परतलेल्या प्रवाशाची पेटी उघडू लागली, की घरातील लहानथोर मंडळी तिच्याभोवती गोळा होतात. पेटीतून खाऊचे डबे निघतात, रंगीत टोप्या निघतात, किल्ल्या अडकवण्याच्या कड्या निघतात आणि फ्रिजच्या दारावर लावण्याची लोहचुंबकाची चित्रे निघतात. चार दिवस या वस्तूंचे कौतुक होते. पाचव्या दिवशी खाऊ संपतो, टोपी खुंटीवर जाते आणि चित्रावर धूळ बसू लागते. वर्षभराने त्या चित्राकडे बोट दाखवून कोणी विचारले, ‘‘या इमारतीला किती मजले होते? तिच्यासमोर कोणते झाड होते?’’ तर प्रवासी निरुत्तर होतो. वस्तू घरात असते, पण प्रवास मनातून निघून गेलेला असतो.

पाहिलेल्या स्थळाची एखादी खूण जवळ असावी, ही इच्छा काही नवी नाही. काशीयात्रेहून परतणारे आपले पूर्वज तांब्याच्या गडूत गंगाजल भरून आणीत. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे गेले. त्या धामधुमीत अनेक संकटे सोसून ते परतले, ते गंगेची कावड घेऊनच. त्या पाण्याने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकामुळे ही हकीकत आपल्याला कळते. गंगेचे पाणी विकत घेण्यास फारसे पैसे लागले नसतील, परंतु ते पायी वाहून आणण्यास जे श्रम पडले त्यांचे मोल कोण करील? खुणेची किंमत तिच्यासाठी खर्चिलेल्या पैशांवरून ठरत नाही. ती तिच्यात ओतलेल्या श्रमांवरून आणि प्रेमावरून ठरते.

म्हणून मला असे वाटते, की परदेश पाहून येणाऱ्याने प्रवासाची निदान एक तरी खूण स्वतःच्या हातांनी तयार करावी. ती ओबडधोबड झाली तरी चालेल. बाजारातील शंभर सुबक वस्तूंपेक्षा ती अधिक मोलाची ठरेल.

असे का, याचे कारण सोपे आहे. विकत घेताना आपण वस्तूकडे क्षणभर पाहतो, पण घडवताना मात्र तिच्याकडे पुन्हा पुन्हा आणि नीट पाहावे लागते. पॅरिस शहरातील आयफेल मनोऱ्याचे उदाहरण घ्या. १८८९ साली उभा राहिलेला हा मनोरा पाहण्यास जगभरातून लोक येतात आणि त्याची वीतभर उंचीची प्रतिकृती घेऊन जातात. ती अनेकदा दुसऱ्याच एखाद्या देशाच्या कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेली असते. तिचा मालक तिला पिशवीत टाकतो आणि पुढे चालू लागतो. याउलट, जो प्रवासी समोरच्या हिरवळीवर बसून मनोऱ्याचे चित्र काढू लागतो, त्याला आधी हे पाहावे लागते, की मनोरा चार पायांवर उभा आहे. त्या पायांमध्ये कमानी आहेत. पाय वर जाता जाता एकमेकांजवळ येतात आणि सारे काम लोखंडी पट्ट्यांच्या जाळीचे असल्यामुळे त्यातून आकाश दिसते. चित्र चांगले साधो अथवा न साधो, मनोरा त्याच्या मनात उभा राहिला तो कायमचा!

थोर कलावंतांनीही हेच केले आहे. आल्ब्रेख्ट ड्यूरर हा जर्मन चित्रकार १५२० सालच्या जुलै महिन्यात आपल्या न्यूरेंबर्ग शहरातून निघाला आणि पुढील वर्षभर अँटवर्पच्या परिसरात हिंडला. या प्रवासात त्याने रोजचा खर्च आणि पाहिलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या. त्याला नाना वस्तूंची हौस होती. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला दूरदेशीच्या अनेक अपूर्व वस्तू भेट दिल्या. त्यांत हिंदुस्थानचे फळ म्हणून नारळसुद्धा होते! झीलंडच्या किनाऱ्यावर एक प्रचंड देवमासा वाहत आला आहे असे ऐकून तो ऐन हिवाळ्यात तिकडे धावला. पण तो पोहोचण्यापूर्वीच भरतीच्या लाटांनी देवमासा परत ओढून नेला होता. या प्रवासात त्याच्याजवळ एक लहानशी चित्रवही असे. तिच्या लेप दिलेल्या कागदावर तो चांदीच्या टोकाच्या लेखणीने चित्रे काढी. अशी रेघ एकदा उमटली, की पुसणे कठीण. म्हणून हात चालवण्यापूर्वी डोळ्यांनी पुरते पाहून घ्यावे लागे. ड्यूररने त्याआधीही सिंहाची चित्रे काढली होती. परंतु १५२१ साली गेंट शहरात जिवंत सिंह समोर बसलेला असताना त्याने काढलेले चित्र पाहिले, की डोळ्यांनी पाहणे म्हणजे काय ते कळते. भेटीदाखल मिळालेल्या त्या दुर्मिळ वस्तूंसाठी आज ड्यूररची आठवण कोणी काढत नाही. त्याच्या वहीतील पाने मात्र पाच शतकांनंतरही संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

कोणी म्हणेल, ‘‘ड्यूरर हा मोठा चित्रकार, आम्हां सामान्यांना हे कसे जमावे?’’ त्यांनी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन खलाशांकडे पाहावे. देवमाशांच्या शिकारीसाठी निघालेली त्यांची जहाजे तीनतीन, चारचार वर्षे समुद्रावर असत. शिकार नसे तेव्हा दिवस मोठे कंटाळवाणे जात. अशा वेळी हे खलाशी देवमाशाचा दात घेऊन तो घासून गुळगुळीत करीत, शिडे शिवण्याच्या सुईने अथवा चाकूच्या टोकाने त्यावर जहाजांची, बेटांची व लाटांची चित्रे कोरीत, आणि कोरलेल्या रेघांत काजळी भरीत. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीसाठी किंवा आईसाठी ते हाडाची लहान लहान चाके बनवीत. करंजीच्या कडा कापण्याचे आपल्याकडील कातणे असते ना, अगदी तशीच ती दिसतात. हे लोक चित्रशाळेत शिकलेले नव्हते. त्यांचे शिक्षण डोलकाठीवर आणि दोरखंडांत झालेले होते. तरीही अमेरिकेतील न्यू बेडफर्ड गावच्या संग्रहालयात त्यांच्या हातच्या या वस्तू आज मानाने मांडलेल्या आहेत. देवमाशांची ती निर्दय शिकार मात्र आपण वाखाणू नये. आंतरराष्ट्रीय करारानुसार १९८६ पासून व्यापारी शिकार स्थगित झाली आहे आणि बहुतेक राष्ट्रे ती पाळतात, हे योग्यच झाले. खलाशांकडून घ्यायचा तो धडा एवढाच, की आठवण घडवण्यास अंगी मोठी कला असावी लागत नाही. चिकाटी असली म्हणजे पुरे.

आता छायाचित्रांचा विचार करू. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्यामुळे एका दिवसात शेकडो छायाचित्रे निघतात. मग हाताने काही करण्याची आवश्यकता काय? लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याविषयी केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात नेले. काही वस्तूंची छायाचित्रे घेण्यास सांगितले, तर काही वस्तू नुसत्या पाहण्यास सांगितल्या. दुसऱ्या दिवशी असे आढळले, की ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे घेतली होती, त्यांच्याविषयीच मुलांना कमी आठवत होते! यंत्र लक्षात ठेवील या भरवशावर मनाने आपले काम सोडून दिले असावे. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून निरखून त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा स्मरण तसे उणावले नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही, आपल्या उतावळेपणाचा आहे. जो थांबून निरखतो, त्याच्याच स्मरणात गोष्ट राहते. आणि हाताने काही घडवायचे म्हटले, की थांबावेच लागते.

काही प्रवासी खूण म्हणून त्या स्थळाचाच तुकडा उचलून आणतात. ही खोड वाईट आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एक पाषाणवन आहे. वीस कोटी वर्षांहून जुने वृक्ष तेथे दगड होऊन पडले आहेत. त्यांचे रंगीत तुकडे लोक चोरून नेतात. पुढे त्यांचे मन त्यांना खाऊ लागते आणि क्षमेची पत्रे लिहून ते हे तुकडे टपालाने परत पाठवतात. परंतु तुकडा मूळचा कोठला हे कळत नसल्याने तो पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. अशा परत आलेल्या दगडांचा तेथे एक ढीगच झाला आहे. त्याला ‘सदसद्विवेकाचा ढीग’ असे म्हणतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर किनाऱ्यावरची वाळू, गोटे आणि शिंपले नेण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. प्रत्येकाने मूठभर वाळू नेली, तर किनारा उरेल कसा? परदेशची माती, बिया वा रोपे आणण्यावरही बहुतेक देशांत निर्बंध असतात, कारण त्यांबरोबर पिकांवरील कीड आणि रोग येण्याचे भय असते. पण त्या पानाचे चित्र आणण्यास कोणाची मनाई आहे? पान तोडले, तर झाडाचे एक पान उणे होते. पान चितारले, तर झाडाचे काही जात नाही आणि आपल्याला मात्र त्याच्या शिरा, कडा आणि देठ यांची ओळख होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचार करण्याजोगा आहे. प्रवाशांनी काहीच विकत घेतले नाही, तर तेथील कारागिरांनी काय करावे? कुंभार, विणकर, लाकूड कोरणारे यांचे पोट प्रवाशांच्या खरेदीवर चालते. हे खरे आहे. म्हणूनच कारागिराने स्वतः घडवलेली वस्तू अवश्य घ्यावी, योग्य मोल देऊन घ्यावी आणि ती कशी घडवली हे त्याला विचारावे. तिच्या रूपाने त्या देशाचा हात आपल्या घरी येतो. पण ती त्याची कला आहे आणि त्याच्या गावाची आठवण आहे. आपण त्या गावी काय पाहिले, काय ऐकले आणि कशाने चकित झालो, हे तो बिचारा कसे सांगणार? ते आपल्यालाच सांगितले पाहिजे. शिवाय, स्वतः चार रेघा ओढून पाहिल्याशिवाय त्याच्या हातातील कौशल्याची खरी पारख आपल्याला होत नाही.

अशी खूण करावी तरी कशी? अनेक रीती आहेत. त्यांतील एक सोपी रीत सांगतो. जपानमध्ये देवस्थानांना जाणारे यात्रेकरू घडीची वही जवळ बाळगतात. देवळातील माणसे तिच्या पानावर कुंचल्याने स्थळाचे नाव व तारीख लिहितात आणि तांबडा शिक्का उमटवतात. १९३१ साली तेथील फुकुई रेल्वे स्थानकावर प्रवाशांसाठी असाच शिक्का ठेवण्यात आला. पुढे ही प्रथा देशभर पसरली. आजही अनेक स्थानकांवर प्रवासी स्वतःच आपल्या वहीत शिक्का उमटवून घेतात.

तशी घडीची वही तुम्हांला घरी करता येईल. जाड चित्रकागदाच्या १२ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक ४८ सेंटिमीटर लांब आणि दुसरी ४९ सेंटिमीटर. जादा एक सेंटिमीटरवर खळ लावून दोन्ही पट्ट्या जोडा. मग दर १२ सेंटिमीटरवर एकदा पुढे व एकदा मागे अशा घड्या घाला. आठ चौकोनी पाने तयार होतील. दोन्ही टोकांच्या पानांना पाठीमागून पुठ्ठा चिकटवा आणि त्यावर जुन्या कापडाचा तुकडा मढवा. वही जड वस्तूखाली रात्रभर दाबून ठेवली, की झाले.

पहिल्या पानावर प्रवासाच्या वाटेचा नकाशा काढावा. दुसऱ्यावर बसचे किंवा आगगाडीचे तिकीट चिकटवावे. परदेशी नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासली, तर त्याचा ठसा उमटतो. तो तिसऱ्या पानावर लावावा. चित्र काढता येत नसेल त्याने खिडक्या मोजाव्यात, पायऱ्या मोजाव्यात, तेथील भाषेतील दोन शब्द ऐकून देवनागरीत लिहावेत, रस्त्यावर कशाचा वास येत होता ते एका ओळीत नोंदवावे. एक पान भेटलेल्या माणसांसाठी राखावे. वाट दाखवणारी म्हातारी, फळे विकणारा मुलगा यांची आठवण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

परदेशी जाण्याची संधी सर्वांना मिळत नाही, हे मी जाणतो. पण ही विद्या परदेशासाठीच आहे असे थोडेच आहे? रायगडाच्या पायऱ्या, वेरूळची लेणी किंवा मामाच्या गावचा ओढा यांवरही अशी वही करता येते. ज्याने घराजवळच्या स्थळांवर डोळे तयार केले, त्यालाच पुढे दूरदेशी गेल्यावर काही दिसेल. ज्याला घरी काहीच दिसत नाही, तो पृथ्वीप्रदक्षिणा करूनही रिकाम्या डोळ्यांनीच परत येईल.

पैसा असला म्हणजे तिकीट मिळते आणि दुकानातील वस्तूही मिळते. पाहण्याची दृष्टी मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. स्वतःच्या हातांनी केलेली लहानशी वही ही त्या कमाईची खरी पावती होय.