न दिसणाऱ्या बायका

विनोदी मालिकांची एक जुनी युक्ती आहे. एक पात्र कधी दाखवायचंच नाही, बाकीच्यांनी फक्त त्याच्याबद्दल बोलत राहायचं. चेहरा प्रेक्षक आपल्या डोक्यात रंगवतो, हशा लेखकाला मिळतो. युक्ती भारी आहे, वादच नाही.

पण जरा नावं आठवून बघा.

अमेरिकेतल्या 'चीअर्स'मध्ये (१९८२ ते १९९३) बारमध्ये ठाण मांडून बसलेला नॉर्म बायकोवर, म्हणजे व्हेरावर, सतत विनोद करतो. ११ सीझन झाले, तिचा चेहरा काही दिसला नाही. १९८६ मध्ये एकदा दारात आली, तर तिचं तोंड फेकाफेकीतल्या खाण्याने माखलेलं! (ती भूमिका नॉर्म साकारणाऱ्या जॉर्ज वेंटच्या खऱ्या बायकोनेच केली होती.) 'फ्रेझर'मधल्या नाइल्सची बायको मॅरिस इतकी विचित्र रंगवली, की त्या वर्णनात बसेल अशी नटी मिळणंच अशक्य झालं.

'बिग बँग थिअरी'तल्या हॉवर्डची आई मात्र वेगळी. ती दिसत नसली तरी आतल्या खोलीतून ओरडायची, पोराला सुनवायची. तो आवाज कॅरल अ‍ॅन सुसी यांचा. २०१४ मध्ये त्या वारल्या, तेव्हा दुसरा आवाज न आणता मालिकेने त्या आईलाही निरोप दिला. आवाज असला की माणूस शिल्लक राहतो, तो असा.

आणि आपल्या गोरेगावातलं गोकुळधाम? 'तारक मेहता'त जेठालालची सासू अहमदाबादच्या फोनच्या पलीकडे. २०१७ पासून दिशा वकानी मालिकेत नाहीत, म्हणजे आता दयाही तिकडेच. आई आणि लेक, दोघी फोनच्या पलीकडे. 'दया कधी येणार' यावर किती भाग निघाले, मोजदाद नाही.

मला हे हसून सोडून देता येत नाही, कारण तालुक्यात बातम्या करताना हेच रोज बघतो. फलकावर नाव सरपंचबाईंचं, सही त्यांची, पण प्रश्न विचारला की उत्तर 'सरपंचपती' देणार. 'मॅडम घरी आहेत, मी सांगतो ना!' मालिकेत निदान लेखकाला ठाऊक असतं की आपण कुणाला तरी लपवतोय.

'विल अँड ग्रेस'मधल्या कॅरनचा नवरा स्टॅन हा एक अपवाद मला माहीत आहे. पण त्याचा पैसा प्रत्येक भागात दिसतो राव. आणखी कुठला न दिसणारा नवरा आठवत असेल तर सांगा.