पडद्यावरून व्यायाम शिकताना

अर्धांगवायूचा रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी जातो. खरे काम तिथूनच सुरू होते. हातपाय पुन्हा चालू लागण्याची शक्यता पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक. आणि नेमक्या त्याच काळात तालुक्याला यायचे तर एसटीचे भाडे, सोबतीला एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी. दोन-तीन खेपांनंतर रुग्ण येईनासा होतो. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात 'सर्च' संस्थेच्या अभ्यासात पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले होते. जे वाचतात, त्यांच्या वाट्याला हे असे.

म्हणून ऑगमेंटेड रिॲलिटीची घरबसल्या फिजिओथेरपी ही निव्वळ शहरी हौस नाही. फोनचा कॅमेरा सांधे ओळखतो, पडद्यावर रुग्णाच्याच चित्रावर रेष उमटते: हात इथवर न्या. दूर बसलेला फिजिओथेरपिस्ट पाहून दुरुस्ती सांगतो. महागडे खास यंत्र नकोच. मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट 2010 मध्ये आले, पुनर्वसनासाठी त्यावर कितीतरी प्रयोग झाले आणि 2017 मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. सरकारी खरेदीत असे यंत्र आले, तर ते कपाटात धूळ खाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण कॅमेऱ्याला स्पर्श नाही. स्नायू किती ताठरला आहे, खांदा सांध्यातून उतरू लागला आहे का, हे हातालाच कळते. रुग्ण धड पुढे झुकवून, खांदा उचलून पेल्यापर्यंत पोहोचतो. फक्त पंजा पाहणारे ॲप त्याला शाबासकी देते आणि चुकीची लकब पक्की होते.

दुसरी गोष्ट 1980च्या दशकापासून संशोधकांना माहीत आहे. दर वेळी 'बरोबर', 'चूक' सांगत राहिले, तर सरावात प्रगती झकास दिसते. सूचना थांबली की कौशल्य टिकत नाही. सायकल शिकवताना मागचा हात कधीतरी सोडावाच लागतो. तशी पडद्यावरची रेषही आठवड्यागणिक विरळ व्हायला हवी. ॲप विकणाऱ्यांना मात्र रुग्ण पडद्याला चिकटलेलाच बरा!

2019 पासून चालू असलेल्या ई-संजीवनीला ही सोय जोडता येईल. पहिली तपासणी ग्रामीण रुग्णालयात, हात लावून. मग फोनवर व्यायाम. महिन्यातून एकदा पुन्हा प्रत्यक्ष भेट. घरी फोन धरायला आशाताई चालतील, पण त्याचा मोबदला वेगळा द्यावा. त्यांच्या डोक्यावर आधीच कामे कमी नाहीत.