ऑनलाइन स्वस्त पाने-पकडी : किंमत बघण्याआधी परत कोण घेणार ते बघा

पेडगाव (ता. परभणी) : पेरणीची घाई असो, कापसाची वेचणी असो, नाहीतर सकाळची परभणीची ड्युटी असो, गाडी नेमकी त्याच दिवशी बसते. मग घरोघर एकच चौकशी सुरू होते, "कुणाकडं बारा-चौदाचा पाना आहे का?" पाना मिळाला तर दहा मिनिटांचं काम. नाही मिळाला तर गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची आणि अर्धा दिवस घालवायचा. त्यामुळे चार हत्यारं घरातच असावीत, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. आणि तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात येते : 46 पीसची पूर्ण गॅरेज किट, पेटीसकट, फक्त 399 रुपये, पैसे पार्सल आल्यावर द्या.

अशी किट घ्यावी का? पेडगाव, मानवत, पाथरी, सेलू या पट्ट्यातल्या वाचकांसाठी हा हिशोब शहरातल्या माणसापेक्षा वेगळा आहे. शहरात खराब वस्तू परत न्यायला दुसऱ्या दिवशी माणूस दारात येतो. गावात पार्सल येतं, पण परत न्यायला कुणी येईलच असं नाही. म्हणून ऑनलाइन हत्याराची खरी किंमत स्क्रीनवर दिसते तेवढीच नसते. हत्यार फसलं तर होणारं नुकसान आणि ते परत करण्याचा खटाटोप, दोन्ही तिच्यात धरावे लागतात.

46 पीस म्हणजे नेमकं काय?

पीस किती ते मोजू नका, माप बघा. बाजारात सगळीकडे दिसणारी ही 46 पीसची किट पाव इंची ड्राइव्हची असते. तिच्यातल्या गोट्या साधारण 4 मिलिमीटरपासून सुरू होतात आणि 14 ला संपतात. बाकीचे बरेच पीस म्हणजे पेचकसाचे छोटे तुकडे आणि एलन की. मोटारसायकलच्या कव्हरचे, बॅटरीचे, आरशाचे, क्लच केबलचे नट यात बसतील. पण 17 आणि 19 ची गोटी त्यात नाही, म्हणजे चाकाच्या एक्सलला आणि बऱ्याच गाड्यांच्या ऑइलच्या नटाला ही किट चालत नाही. ट्रॅक्टरचं तर नावच सोडा. चाकाच्या नटावर पाव इंची रॅचेट लावून पाइपानं जोर दिला, तर नट ढिला व्हायच्या आधी रॅचेटचे दाते तुटतील.

म्हणजे 46 पैकी आपल्या कामाचे आठ-दहा पीस. त्यापेक्षा 8, 10, 12, 14, 17 आणि 19 एवढ्या मापांचे चांगले रिंग पाने, एक पक्कड, दोन पेचकस आणि आपल्या गाडीच्या मापाचा प्लग पाना घेतला, तर मोटारसायकलची घरगुती कामं बहुतेक निघतात.

स्वस्त पाना महाग कसा पडतो

पाना लोखंडाचाच असतो, मग फरक कुठं पडतो? चांगला पाना क्रोम व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाचा असतो. तो तापवून, ठोकून घडवतात आणि नंतर पाणी देऊन कडक करतात. आपल्या गावचा लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो, त्यातलंच हे तत्त्व. हलक्या पान्यात हे पाणी नीट दिलेलं नसतं. वरून क्रोमची चमक तीच, आत लोखंड मऊ. जोर लावला की पान्याचं तोंड फाकतं आणि नट गोल होतो.

एकदा नट गोल झाला की पुढचा खर्च सुरू. गॅरेजवाला वेल्डिंग करून तो काढणार, आटे गेले असतील तर नवे आटे पाडणार, इंजिनच्या खालच्या ऑइलच्या नटाचे आटे गेले तर काम आणखी वाढणार. पान्यात दोनशे रुपये वाचवून मजुरीत त्याच्या कितीतरी पट घालवायचे, असा हा सौदा आहे.

पान्याची जातही बघा. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सगळ्या कोपऱ्यांना धरतो, म्हणून जाम नटाला आधी रिंग पाना किंवा गोटीच लावावी. गोटीतही सहा कोनी आणि बारा कोनी असे दोन प्रकार येतात. जुन्या, झिजलेल्या नटाला सहा कोनी चांगली, कारण ती नटाच्या सपाट बाजूवर बसते.

पान्यावर 'सीआर-व्ही' कोरलंय म्हणून भुलू नका. शिक्का कुणीही मारू शकतो. त्यापेक्षा बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता आहे का, ते बघा. आपल्या देशात हातहत्यारांचं मोठं काम पंजाबात जालंधर-लुधियानाला आणि राजस्थानात नागौरला चालतं. आपल्या महाराष्ट्रातही नाशिकला टपारियाचा कारखाना आहे. देशी बनावटीचा ओळखीचा माल परभणीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि ऑनलाइनही. दोन्हीकडचा भाव विचारा, मगच ठरवा. सुट्या पान्यात हा फरक कित्येकदा इतका थोडा असतो, की पाना हातात घेऊन, नटावर बसवून बघण्याची सोय जास्त मोलाची ठरते.

48 व्होल्टचं गौडबंगाल

बॅटरीवरच्या ड्रिल मशिन आणि नट खोलायच्या इम्पॅक्ट मशिनवर मोठ्या अक्षरात 48, कधी 88 असा आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याला वाटतं, ही मशीन 18 व्होल्टवाल्यापेक्षा तिप्पट ताकदीची. साधा हिशोब करा. लिथियमच्या एका सेलचे सर्वसाधारण 3.6 व्होल्ट. पाच सेल जोडले की 18 व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना सुमारे 21. खऱ्या 48 व्होल्टला 13 सेल लागतील आणि बॅटरी हातात धरताना जड होईल. मुठीएवढ्या हलक्या बॅटरीत तेवढे सेल बसत नाहीत. म्हणून वर्णनात खाली बारीक अक्षरात बॅटरीचे खरे व्होल्ट आणि अँपिअर-अवर दिलेत का, ते शोधा. दिलेच नसतील तर पुढे जाऊ नका.

ग्रायंडर घेताना चाकावरचं गार्ड सोबत आहे का, ते आधी बघा. चाकावर लिहिलेले फेरे मशिनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ते चाक लावायचंच नाही. फुटलेल्या चाकाचा तुकडा सरळ डोळ्यात जातो.

जॅकमध्ये काटकसर नको

काही वस्तूंत पैसे वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. जॅक त्यातला पहिला. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर नुसताच दोन टनांच्या आसपास भरतो, भरलेल्या ट्रॉलीचं वजन वेगळं. जॅकवर छापलेली क्षमता खरी आहे की नाही, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून जॅक ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर, कंपनीचा घ्या. आणि जॅक कितीही चांगला असला, तरी खाली शिरण्याआधी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा लावायचाच. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. ब्रेकचे भाग आणि हेल्मेट यांनाही हाच नियम. दुचाकीच्या हेल्मेटला 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे. हेल्मेटवरच्या मार्कासोबतचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर टाकला की लायसन्स खरं की खोटं ते कळतं.

जाहिरात खरी की सापळा?

फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून उघडणारं प्रत्येक दुकान खरं नसतं. 'फक्त 2 नग शिल्लक', 'ऑफर 10 मिनिटांत संपेल' असं पळतं घड्याळ दिसलं की हात आखडता घ्या. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, न विचारता जादा वस्तू टोपलीत टाकणं या फसव्या युक्त्यांवर केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा 13 युक्त्यांची यादी आहे. म्हणजे ही हुशारी नाही, कायद्याच्या नजरेत ही फसवणूक आहे.

ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी तपासा. विकणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता. तक्रार अधिकाऱ्याचा नंबर. वस्तू कोणत्या देशात बनली. आणि परत घेण्याची मुदत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती ग्राहकाला दाखवणं सक्तीचं आहे. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि जीमेलचा पत्ता असेल, तर ते दुकान नव्हे.

जीएसटी नंबर दिला असेल तर तोही बघता येतो. नंबर 15 अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा 27, पंजाबचा 03, दिल्लीचा 07. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'करदाता शोधा' या सोयीत तो टाकला की धंद्याचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर ऑर्डर रद्द.

जुनी हत्यारं ऑनलाइन विकणारे-घेणारेही बरेच झालेत. तिथला एक नियम पाठ करा : पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

जीएसटी घटला, मग हत्यारं स्वस्त झाली का?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला. ट्रॅक्टरवरचा 12 वरून 5 टक्के, ट्रॅक्टरच्या टायर आणि सुट्या भागांवरचा 18 वरून 5 टक्के. पण पाने, पकडी अशा हातहत्यारांवर आधीही 18 टक्के होता, आताही तेवढाच आहे. त्यामुळे 'जीएसटी कपातीमुळे टूल किट अर्ध्या भावात' अशी जाहिरात आली तर तिला कराचा आधार नाही, हे ओळखा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागाच्या बिलावर मात्र किती टक्के लावलेत, ते जरूर बघा.

सरकारी किटबद्दलही घोळ आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतची मदत मिळते. पण ती ठरलेल्या 18 पारंपरिक व्यवसायांना. त्यात लोहार आहे, सुतार आहे, कुलूप बनवणारा आहे. मोटारसायकल मेकॅनिक त्या यादीत नाही. "गॅरेजची किट मिळवून देतो, फॉर्मचे हजार द्या" असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.

पार्सल आल्यावर

पार्सल फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल दिसलं पाहिजे, मध्ये कट नको. मग प्रत्येक पाना नव्या नटावर बसवून बघा. खुळखुळ हलत असेल तर माप चुकीचं आहे. तो वापरू नका, परतीची मुदत संपायच्या आत तक्रार टाका. एकदा वापरला की विकणाऱ्याला सबब मिळते.

वस्तू सदोष निघाली, बनावट निघाली किंवा जाहिरातीत सांगितलेली नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिनाभरात द्यायचा, असं ई-कॉमर्स कंपनीवर बंधन आहे. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथंही काम झालं नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विकणारा दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस चालते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. गावात स्वतःच्या पोटापुरतं गॅरेज चालवणाराही यात ग्राहकच धरला जातो. म्हणून त्यानंही बिल जपून ठेवावं.

पैसे ऑनलाइन भरले आणि दुकानच गायब झालं, तर लगेच 1930 वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

मग घ्यायचं तरी काय, कुठून?

ग्रीस गन, पंक्चर किट, हवेचा पंप, टेस्टर, पाना ठेवायची पेटी या वस्तू ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. मापाची फार भानगड नाही आणि फसलं तरी नुकसान थोडं. रोजच्या वापराचे पाने नावाजलेल्या कंपनीचे घ्या, दुकानातून किंवा त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून. जॅक, ब्रेकचं सामान आणि हेल्मेट हातात घेऊन, बिल करूनच.

आणि महागडं हत्यार एकट्यानं घ्यायची गरजही नाही. टॉर्क पाना, पुलर, मोठा गोटी सेट वर्षातून दोन-चारदा लागतो. पेरणीयंत्र गटात घेतात तसं चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून एक चांगला सेट घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला हलक्या किटएवढेच पैसे येतील. फक्त कुणी कधी नेला ते एका वहीत लिहून ठेवायचं. नाहीतर ऐन पेरणीत पुन्हा तीच चौकशी, पाना कुणाकडं आहे?