डब्यातले शिंपले

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नाही. यंदा बिस्किटांचा एक गंजका डबा आला. आत कापसात गुंडाळलेले शंख, शिंपले, कवड्या. माझ्या आईने लहानपणी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वेचलेले. “अहो, ठेवायचा की टाकायचा?” सौ.नी खालून विचारले. स्टुलावर उभ्या उभ्या मला आठवण झाली ती एका इंग्रज डचेसची! मराठीच्या प्राध्यापकाला हे कुठले वेड, म्हणून वाचक हसतील. हसोत बापडे.

पोर्टलंडची डचेस मार्गारेट बेंटिंक १७१५ साली जन्मली. बकिंगहॅमशायरमधल्या बुलस्ट्रोड येथील आपल्या वाड्यात तिने शंखशिंपले, कीटक, वनस्पती यांचा अफाट संग्रह केला. श्रीमंतांघरचा विरंगुळा म्हणून आपण तो सोडून दिला असता. पण बाईंचा हेतू मोठा होता. आजवर कुणी न वर्णिलेल्या प्रत्येक शिंपल्याला शास्त्रीय नाव मिळावे, ही त्यांची इच्छा. त्या कामी त्यांनी लिनिअसचा शिष्य आणि कॅप्टन कुकचा सहप्रवासी डॅनिएल सोलँडर याला नेमले. घरचे धर्मोपदेशक जॉन लाइटफूट हेही वनस्पतिशास्त्रज्ञच. खुद्द बाईंना मात्र रॉयल सोसायटीचे दार बंद होते. तिथे पहिल्या स्त्रिया सभासद झाल्या त्या १९४५ साली!

याच वाड्यात त्यांची मैत्रीण मेरी डिलेनी येऊन राही. सतराव्या वर्षी साठीच्या घरातल्या नवऱ्याशी लग्न लावून दिलेली ही बाई. जरठ-कुमारी विवाह काही आपल्याकडेच होत नव्हते! पुढे दुसरा पतीही वारला. आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने कात्री हाती घेतली. रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून ती फुले करू लागली. पहिले फूल पाहून डचेसला ते खरेच वाटले, असे सांगतात. दृष्टी अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, तिने हजाराच्या जवळपास फुले केली. प्रत्येकाच्या पाठीमागे वनस्पतीचे नाव, तारीख आणि ठिकाण.

१७८२ साली सोलँडर वारला. काम अर्धेच राहिले. १७८५ साली डचेस गेली. पुढच्याच वर्षी संग्रहाचा लिलाव झाला. तो अडतीस दिवस चालला! एक प्राचीन रोमन काचपात्र तिच्या मुलाने ९८० गिनी मोजून परत घरी आणले. शिंपले मात्र दाही दिशांना पांगले. मेरीची कागदी फुले आज ब्रिटिश म्युझियममध्ये सुखरूप आहेत आणि पाठीवरच्या नावांमुळे कोणते फूल कोणते, हे आजही कळते.

मी डबा घेऊन खाली उतरलो. यातल्या एकेका शिंपल्याचे नाव आई मला सांगत असे. मी “हो, हो” म्हणत पुस्तकात डोके घालून बसे. लिहून घ्यावे, असे एकदाही सुचले नाही. शब्दांवर पोट भरणारा मी!

“टाकायचा नाही,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या मावशीला फोन लावला. लेक एकेक शिंपला हातात धरून वर्णन करी, मावशी पलीकडून नाव सांगे आणि मी चिठ्ठी लिही. तेवीस नगांपैकी अकरांना नावे मिळाली.

उरलेली बारा आईबरोबर गेली.